लाल कुलपाची दुसरी किल्ली

मित्रांनो, मी एक जुनं लाल कुलूप आहे. लाल म्हणजे एके काळी लाल. आता कडेकडेला थोडा रंग उरलाय, बाकी सगळीकडून पितळ डोकावतंय. पण ओळख करून देताना मी लालच सांगतो. तेवढा मान राखा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तिजोरी, चोर, दरोडे असलं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून कान टवकारून बसला असाल, तर तुमचा हिरमोड होणार आहे. मी आयुष्यात एकही चोर अडवलेला नाही. मी अडवायचो ती माणसांची घाई. आणि एकदा मला तीही अडवता आली नाही. त्या दिवसाची आठवण झाली की अजून माझी कडी थंड पडते.

सध्या मी एका स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कपाटाला असतो. आत फिनेल आहे, संडास धुवायचं ॲसिड आहे, उंदराचं औषध आहे. बाहेर एक चार वर्षांची मुलगी आहे. ती मला दिवसातून दोनदा तरी ओढून बघते, कधी दातांनीही. मी काही दाद देत नाही. मग ती मला ‘वेडं कुलूप’ म्हणते आणि निघून जाते. म्हणू दे. मी याहून वाईट बोलणी खाल्ली आहेत.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यातला. पितळ ओतून अंग केलं, पोलादाची कडी बसवली आणि माझ्या पोटातल्या खाचांना जुळतील अशा दोन किल्ल्या कापल्या. माझ्या जुळ्या बहिणीच त्या. दोघींना एका तारेत ओवून माझ्या गळ्यात बांधलं. मला त्याचा कोण अभिमान. एक हरवली तर दुसरी आहे, अशी ऐट मी दुकानाच्या खिळ्यावर लटकून शेजारच्या कुलपांपुढे मिरवायचो. पुढे याच ऐटीने माझं नाक कापलं.

मला विकत घ्यायला आलेल्या माणसाच्या उजव्या हाताला पांढरं बँडेज होतं. मी किती मजबूत आहे, हातोडीने फुटतो का, हे सगळे विचारतात. त्याने तसलं काहीच विचारलं नाही. खिशातून भोक पाडलेला एक पत्र्याचा तुकडा काढला आणि माझी कडी त्यातून जाते का, एवढंच पाहिलं. ती गेली. दुकानदाराला गिऱ्हाईक जरा चक्रम वाटलं असणार, पण त्याने मला कागदात गुंडाळून दिलं.

हा माणूस एका मोठ्या बेकरीत फिटर होता. सगळे त्यांना फिटरकाका म्हणायचे. बेकरीत पीठ मळायचं एक अवाढव्य मशीन होतं, आडवं ठेवलेलं पोलादी पिंप आणि त्याच्या आत फिरणारे जाडजूड हात. एकदा सुरू झालं की बोलायचं थांबायचं नाही आणि त्याच्या मर्जीशिवाय बेकरीत पान हलायचं नाही, म्हणून कामगारांनी त्याचं नाव ठेवलं होतं आत्याबाई. रोज दुपारी आत्याबाईंना बंद करून आतलं चिकटलेलं पीठ खरवडावं लागायचं. त्यासाठी माणसाला चक्क त्यांच्या पोटात शिरावं लागे.

आता गंमत अशी, की आत्याबाई एका खोलीत आणि त्यांचा मेन स्विच भिंतीपलीकडच्या बोळात. कोणी असं बांधलं देव जाणे. बोळातल्या माणसाला पिंप दिसत नाही आणि पिंपातल्याला बोळ दिसत नाही. एके दिवशी काका आत हात घालून काम करत होते. बोळातल्या सहकाऱ्याला वाटलं, झालं असेल. त्याने दांडा वर केला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, उलट कामाला उशीर होऊ नये म्हणूनच बिचारा धावला होता. काकांची दोन बोटं गेली. तो माणूस पुढे कित्येक दिवस काकांच्या नजरेला नजर देत नव्हता.

बरं वाटल्यावर काकांनी पहिलं काम केलं ते मला विकत घ्यायचं. घराच्या दाराला लावून उरलेला लाल रंग मला फासला. मेन स्विचच्या दांड्याला एक भोक पाडलं, पेटीला एक पाडलं. दांडा खाली ओढला की दोन्ही भोकं समोरासमोर यायची. त्यातून माझी कडी ओवायची, खट् करून मला लावायचं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकायची आणि मग आत्याबाईंच्या पोटात शिरायचं. मी तिथे लटकलेला असताना कोणाच्या बापालाही दांडा वर करता येत नसे.

सुरुवातीला काय ती चेष्टा! फिटरकाका विजेला कुलूप लावतात, वीज पळून जाईल म्हणून घाबरतात, असं म्हणून लोक हसून हसून लोटपोट व्हायचे. काका हसण्यावारी न्यायचे. पण कोणी फारच दात काढले, की ते आपला उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवायचे. तीन बोटांचा हात खांद्यावर आला, की हसणाऱ्याचं हसू आपोआप आटपायचं.

हळूहळू सगळ्यांना पटलं. साफसफाईच्या ताईंनी हिरवं कुलूप आणलं, पीठ मळणाऱ्याने निळं. ज्याला आत जायचं त्याने आपलं कुलूप लावायचं आणि त्याची किल्ली त्याच्याच खिशात. आम्ही कुलपं एका फळीवर रांगेने टांगलेली असायचो. मी सगळ्यांत थोरला, म्हणून पहिल्या खिळ्यावर.

मग काकांच्या डोक्यात आलं, की प्रत्येक कुलपाला दोन किल्ल्या आहेत आणि दुसरी किल्ली दुसऱ्याच्या हातात पडली तर सगळंच मुसळ केरात. म्हणून एका सकाळी त्यांनी सगळ्यांच्या दुसऱ्या किल्ल्या गोळा केल्या आणि सगळ्यांदेखत कानशीने त्यांचे दात घासून टाकले. कोणीतरी विचारलं, काका, तुमची? काका म्हणाले, माझी घरी आहे, उद्या आणतो.

तो ‘उद्या’ काही उजाडला नाही. काका खोटं बोलत नव्हते. पण संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी ती किल्ली हातात घेतली, तर ती नवी कोरी, एकदाही न वापरलेली. इतकी चांगली वस्तू आपल्या हाताने बिघडवायची, हे त्यांच्या जिवावर आलं. ज्यांनी आयुष्यभर वाकडे खिळेही सरळ करून वापरले, त्यांच्याकडून ते होईना. शिवाय आपल्याच घरात तर आहे, कोण घेणार आहे, असं म्हणून त्यांनी ती काकूंच्या बटणांच्या डब्यात टाकली. मलाही मनातून बरंच वाटलं. माझी दुसरी बहीण वाचली ना.

काकू म्हणजे काकांची बायको. आठवड्याच्या सुटीला काका मला तेल द्यायला घरी न्यायचे, तेव्हा मी त्यांना जवळून पाहिलं आहे. आणि खरं सांगू? बेकरीत इतके काटेकोर असलेले काका घरी अगदी बेफिकीर होते. पंख्याला हात पोचत नाही म्हणून खुर्चीवर स्टूल ठेवून चढायचे. आंघोळ करून ओल्या पायांनी विजेच्या बटणांशी खेळायचे. काकू ओरडून ओरडून थकल्या. शेवटी त्यांनी ओरडणं सोडून स्वतःची एक पद्धत काढली. काका वर चढले, की काकू मीटरपाशी जाऊन फ्यूज उपसून काढायच्या आणि मुठीत धरून उभ्या राहायच्या. काका खाली उतरले असं वाटलं, तरी लगेच बसवायच्या नाहीत. आधी मोठ्याने हाक मारायच्या, ‘अहो, बाजूला झालात का?’

काकांचं ‘हो’ ऐकू आलं, तरच फ्यूज जागेवर. नाही आलं, तर मूठ बंद. कधी काकांना हाक ऐकू यायची नाही, कारण आत्याबाईंच्या गोंगाटाने त्यांचे कान केव्हाच कामातून गेले होते. मग पाच-पाच मिनिटं सगळं घर अंधारात. घरातले सगळे वैतागायचे. काकू ढिम्म हलायच्या नाहीत. मला तेव्हा ते जरा अतीच वाटायचं. मी बेकरीतलं कुलूप ना, मला माझ्या शिस्तीची घमेंड होती.

आता त्या पहिल्या चुकीकडे येतो. ती आनंदाच्या दिवशी झाली, म्हणून कोणाला चूक वाटलीच नाही. काका नुकतेच आत्याबाईंच्या पोटातून बाहेर आले होते. मला काढायला बोळाकडे वळणार, तोच निरोप आला की लेक बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. काकांनी हातातला पाना तिथेच टाकला आणि पिठाच्या हातांनीच दवाखान्याकडे धाव घेतली. किल्ली त्यांच्या खिशात. मी दांड्यावर लटकलेला. आणि पिंपात कोणीही नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मी खोटं बोललो. कुलूप लागलंय म्हणजे आत माणूस आहे, एवढं एकच वाक्य मला येत होतं, आणि तेच खोटं ठरलं. काम अडलं. सुपरवायझरने दवाखान्यात फोन लावून काकांना बोलावून घेतलं. काका इतके खूश होते की हसत हसत सांगून गेले, घरी बटणांच्या डब्यात दुसरी किल्ली आहे, काकू इथे दवाखान्यातच आहेत, शेजारणीकडून मागवून घ्या. किल्ली आली, मी उघडलो, आत्याबाई सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी काकांचं कौतुक केलं, आजोबा झाल्यापासून काकांचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून चिडवलं. काकाही लाजून हसले. किल्ली घरी परत गेली, पण तिची बातमी बेकरीत राहिली.

दोन महिने गेले असतील. त्या दुपारी ताईंनी साफसफाई आटोपली, आपलं हिरवं कुलूप काढून फळीवर अडकवलं आणि त्या घरी गेल्या. जाताना काकांना म्हणाल्या, आतला एक बोल्ट हलतोय. काकांनी लगेच मला दांड्यावर लावलं, किल्ली खिशात टाकली आणि बॅटरी घेऊन पिंपात शिरले. एक बोल्ट आवळायला गेले तर तीन ढिले निघाले. पिंपात गुडघ्यांवर बसून ते एकेक बोल्ट आवळत राहिले. काकांची वेळ संपून तास होत आला, पण काम हातात असलं की त्यांना घड्याळ दिसायचं नाही.

चार वाजता सुपरवायझर बोळात आला. तो काही वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्याच्या दोन खेपांचं पीठ तयार होतं, खमीर फुगून वाया चाललं होतं, आणि समोर मी लटकलेला. त्याने काकांना दोन हाका मारल्या. काकांच्या कानांबद्दल तुम्हाला माहीतच आहे. मग तो बाहेर जाऊन सायकलींच्या स्टँडवर बघून आला. काकांची सायकल नव्हती. सकाळीच पंक्चर झाल्यामुळे काकांनी ती कोपऱ्यावरच्या दुकानात टाकली होती, हे त्याला कुठून माहीत असणार? त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, पुन्हा विसरले वाटतं आजोबा. आणि त्याने काकांच्या घरी फोन लावला.

त्याच्या मनात काय होतं, की काका घरी आहेत. काकूंच्या मनात काय होतं, की काका बेकरीत आहेत. तो एवढंच म्हणाला, की काकू, दुसरी किल्ली लागतेय, जरा लगेच आणून देता का. काकूंना वाटलं, ह्यांनीच पहिली कुठेतरी हरवली असेल आणि सांगायला लाजत असतील. फोनमागे पंख्यांचा घुंघुं आवाज. दोघांनीही एकमेकांना काही विचारलं नाही. काकूंनी हातातलं काम टाकलं, डबा उपडा करून बटणांतून किल्ली शोधली आणि दहा मिनिटांत त्या बोळात हजर झाल्या.

त्यांच्या हातातली किल्ली मी पाहिली. मला सगळं माहीत होतं. भिंतीपलीकडे, वीस पावलांवर, माझा माणूस पिंपात बसला होता आणि खरी किल्ली त्याच्या खिशात होती. ओरडावंसं वाटलं. पण कुलपाला कुठलं तोंड! सुपरवायझरने किल्ली माझ्यात घातली आणि फिरवली. दुसरी असली तरी ती माझीच किल्ली. तिला नाही म्हणणं मला येत नाही. मी उघडलो, मित्रांनो. माझ्या जुळ्या बहिणीने मला उघडलं. सुपरवायझरने मला काढून पेटीवर ठेवलं आणि दांड्याला हात घातला.

तेवढ्यात काकूंनी भिंतीकडे तोंड केलं आणि घरी मारतात तशीच हाक मारली, ‘अहो, बाजूला झालात का?’

सुपरवायझरला हसू आलं. तो म्हणाला, ‘काकू, कोणाला विचारताय? काका घरी आहेत ना.’

‘घरी? मी घरूनच आले.’

त्याचा हात दांड्यावर तसाच होता. काकूंनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि हळूच, पण घट्ट दाबून धरला. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाल्या, ‘ह्यांचं ‘हो’ आलेलं नाही. ते आल्याशिवाय हात लावायचा नाही.’

मग त्यांनी मला उचललं, भोकातून ओवलं आणि खट् करून परत लावलं. किल्ली काढून घेतली आणि मूठ मिटली. तो खट् आवाज मी जन्मभर विसरणार नाही. इतक्या वेळा लागलो असेन, पण लावल्याचं इतकं सुख कधी झालं नव्हतं.

सुपरवायझर भिंतीपलीकडे धावला. पुढचं मी बोळातूनच ऐकलं. आधी त्याची पावलं, आणि मग पिंपाच्या तोंडातून काकांचा घुमणारा आवाज, की काय रे, काय झालं, असा भूत बघितल्यासारखा का बघतोस? माझा जीव भांड्यात पडला. माझाच काय, काकूंचाही. त्या तिथेच पिठाच्या पोत्यावर बसल्या. काका केसांपासून चपलांपर्यंत पांढरे होऊन बोळात आले आणि म्हणाले, अगं, तू इथे कशी? काकूंना एकदम हसू फुटलं. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि मग बराच वेळ त्यांना हसू आवरेना, की रडू आवरेना, तेच कळेना.

शेवटी त्यांनी मूठ उघडली. किल्लीचे दात त्यांच्या तळहातावर उमटले होते. काकांनी ते पाहिलं, एकेक गोष्ट त्यांच्या ध्यानात येत गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. सुपरवायझर भिंतीला टेकून उभा होता, तोंडचं पाणी पळालेलं. तो माफी मागायला लागला. काकांनी आपला तीन बोटांचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

‘तुझ्या एकट्याची चूक नाही. त्या दिवशी कुलूप तसंच ठेवून दवाखान्यात पळालो तो मी. आणि ही डब्यात जपून ठेवली तोही मीच.’

त्यांनी कानस मागवली आणि तिथेच, पोत्यावर बसून, माझ्या दुसऱ्या किल्लीचे दात घासायला घेतले. पितळेची भुकटी पिठात पडत होती. तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं असेल, जुळी बहीण ती. थोडं वाटलं. पण खोटं कशाला बोलू, मला आतून मोकळं मोकळं वाटत होतं. आता मला उघडू शकेल असा जगात एकच माणूस उरला होता, आणि तो माझ्यासमोर धडधाकट बसला होता.

त्यानंतर बेकरीत दोन गोष्टी बदलल्या. कोणी कुलूप विसरून घरी गेलं, तर त्यालाच परत बोलवायचं, मग तो जेवत असो की झोपलेला असो. तो स्वतः येऊन काढेपर्यंत आत्याबाई गप्प. आणि कुलूप काढल्यावरही दांडा वर करायच्या आधी पिंपापाशी जाऊन आत डोकवायचं, हाक मारायची आणि उत्तराची वाट बघायची. पहिल्या महिन्यात तीन वेळा पीठ वाया गेलं. मालक कुरकुरले. पण मालकांनाही ती दुपार कोणीतरी सांगितली होती, त्यामुळे कुरकुर तेवढ्यावरच थांबली. नंतर विसरणं आपोआप बंद झालं. एकदा अर्ध्या जेवणावरून उठून परत यावं लागलं, की माणूस पुन्हा विसरत नाही.

काका निवृत्त झाले तेव्हा बेकरीवाल्यांनी काय हवं म्हणून विचारलं, तर त्यांनी मलाच मागून घेतलं. असा मी इथे ओट्याखाली आलो. माझी एकुलती एक किल्ली काकूंनी उंचावर खिळ्याला लावली आहे. बेकरीची सवय असलेल्या मला सुरुवातीला हे काम कमीपणाचं वाटलं. फिनेलच्या बाटल्या राखायच्या! पण मला दातांनी ओढणारी ती मुलगी कोण, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. जिच्या जन्माच्या आनंदात मी पहिल्यांदा खोटा ठरलो, तीच ही काकांची नात. तिच्यासाठी मी इथे अगदी खरा राहतो. काकू कपाटातून बाटली काढून फरशी पुसायला लागल्या, तरी दोन मिनिटांसाठीसुद्धा मला नुसतं अडकवून ठेवत नाहीत. लावतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी स्टुलावर चढत असेल, मिक्सरच्या भांड्यात हात घालत असेल, गाडीखाली शिरून काहीतरी खटपट करत असेल. त्यांच्यासाठी माझ्यासारखं कुलूप मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं, तर निदान एक हाक मारा. आणि हाक मारली, म्हणजे झालं असं समजू नका. उत्तर येईपर्यंत हात मागे ठेवा.

कालचीच गोष्ट. माजघरातला दिवा गेला. काकांनी शिडी लावली. आता खुर्चीवर स्टूल ठेवायची त्यांची टाप नाही. काकूंनी फ्यूज काढून मुठीत धरला. काकांना आता हाक अजिबात ऐकू येत नाही, म्हणून नात मधल्या दारात उभी राहिली. काकूंनी इकडून हाक मारली, ‘अहो, बाजूला झालात का?’ नात काकांकडे बघत राहिली. काका एकेक पायरी उतरले, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, शिडी मिटून भिंतीला लावली. काकू थांबल्या होत्या. ओट्याखाली मीही थांबलो होतो. मग नातीने मान वळवली आणि घर दणाणेल अशा आवाजात ओरडली, ‘हो!’

काकूंनी मूठ उघडली, आणि दिवा लागला.